उन्हाळी पाळ्यांआधी पंप चालू ठेवून व्होल्ट आणि अँपिअर मोजून घ्या

उन्हाळ्यात पंपाचे तास वाढतात, विहिरीची पातळी खाली जाते आणि नेमका त्याच दिवसांत विजेच्या लाइनचा दाबही (व्होल्टेज) पडतो. मोटरी जळतात त्या याच काळात. वाइंडिंग होऊन येईपर्यंत उभ्या पिकाची पाळी चुकते, आणि ते नुकसान नंतर कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. म्हणून पहिली पाळी सोडण्याआधी अर्धा तास काढा आणि पंप चालू असताना दोन आकडे मोजा. बंद पंपाला मीटर लावून दाब भरपूर दिसतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. करंट वाहत असेल तेव्हाच वायर आणि जॉइंट किती दाब खातात ते दिसते.

हिशेब सोपा आहे. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती वॅटमध्ये. पहिला नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी 1827 साली मांडला, त्याला दोनशे वर्षे होत आली.

आता एक उदाहरण नीट पाहा. सिंगल फेज पंप आहे, मेन स्विचपासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत 100 मीटर केबल आहे, तांब्याची, 4 चौरस मिमी. पंप सुरू करून क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा धरून करंट मोजणारा) लावला, करंट 10 अँपिअर. (क्लॅम्पमध्ये एकच वायर धरायची, दोन्ही एकत्र धरल्या तर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस मीटरलाच दोष देतो.) मेन स्विचवर दाब 228 व्होल्ट, स्टार्टरवर 212. मधल्या मध्ये 16 व्होल्ट गेले. 16 भागिले 10, म्हणजे वाटेतला रोध 1.6 ओहम.

एवढा रोध असायला हवा होता का? 4 चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 4.6 ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून 100 नव्हे, 200 मीटर धरायचे. उत्तर येते 0.92 ओहम. तापमान एक अंश वाढले की तांब्याचा रोध सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे उन्हातल्या केबलसाठी 1 ओहम धरू. मग वरचा 0.6 ओहम कुठून आला? तो जॉइंटमध्ये किंवा टर्मिनलवर आहे. तिथे 10 अँपिअरला 6 व्होल्ट पडतात, आणि 6 गुणिले 10 म्हणजे 60 वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री 25 वॅटची असते. त्याहून दुपटीने जास्त उष्णता बांधावर गाडलेल्या, टेप गुंडाळलेल्या एका जॉइंटमध्ये तासन्‌तास कोंडलेली असते. असा जॉइंट उघडला की टेप करपून कडक झालेली दिसते, आतले तांबे काळपट पडलेले असते आणि काही तारा हाताला लागताच तुटतात.

तांब्याची वायर ॲल्युमिनियमला नुसती पिळून जोडली असेल तर तो जॉइंट आधी तपासा. ॲल्युमिनियमवर न वाहणारा थर लगेच चढतो, गरम-थंड होताना पकड सैल होते, सैल पकडीने रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने आणखी तापते. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबूनच घालावा.

मोटरला मात्र हा भागाकार लावू नका. बंद मोटरच्या वाइंडिंगचा रोध 2 ओहम आला, तर 230 भागिले 2 म्हणजे 115 अँपिअर असे उत्तर येईल. प्रत्यक्षात ती 10 अँपिअरवर चालते, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करून करंट रोखते. गाळ अडकून पंखा जाम झाला की हा उलटा दाब राहत नाही, मोटर नुसती घुमते आणि काही क्षणांत करपते. तेव्हा वाचवतो तो ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग. त्याचे सेटिंग मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरइतकेच ठेवा. वारंवार ट्रिप होतो म्हणून ते वाढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दाब पडला की बल्ब कमी करंट घेतो, पण मोटर जास्त घेते. पाणी तेवढेच उचलायचे असते ना. 415 व्होल्टची थ्री फेज मोटर 340 वर चालवली तर करंट साधारण 1.22 पट होतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास दीडपट होते. अशा दाबावर पंप बंद ठेवणेच शहाणपणाचे.

थ्री फेजला शक्ती काढताना 1.732 गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (मोटरमध्ये प्रत्यक्ष शक्ती म्हणून लागणारा हिस्सा) असा हिशेब करा. 415 व्होल्ट, 7.5 अँपिअर आणि 0.85 पॉवर फॅक्टरला साधारण 4.6 किलोवॅट येतात, म्हणजे तासाला 4.6 युनिट. 5 एचपीची मोटर दांड्यावर 3.73 किलोवॅट देते, बाकीचे उष्णतेत जातात. तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा मोजा. एकात ठळक फरक असेल तर त्या फेजचे फ्यूज आणि संपर्क आधी बघा.

चालू लाइनवरचे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या अंगाचा रोध 1,000 ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्टला 1,000 ने भागले तर 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर. संरक्षक आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरला लाइन तोडतो, तो बसवलेला नसेल तर आधी बसवा. चिखलात अनवाणी उभे राहून स्टार्टरला हात लावू नका.

जॉइंट नव्याने केल्यावर त्याच दोन ठिकाणी पुन्हा मोजा. लाइनचा दाब सतत हलतो, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी दोघांनी मीटर वाचलेले बरे. वरच्या केबलवर 10 अँपिअरला फरक 10 व्होल्टच्या आसपास आला पाहिजे. 12 च्या वर राहिला तर दुसरा जॉइंट शोधा. आकडे आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.