डिझेल पंप खोलण्याआधी : ट्रकच्या इंधन यंत्रणेतला दोष घरी कसा शोधावा

ट्रक सुरू व्हायला वेळ घेतो, चढाला दम टाकतो, आयडलिंगला थरथरतो, नाहीतर काळा धूर ओकतो. यातलं काहीही झालं की पहिलं बोट डिझेल पंपाकडे, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे, दाखवलं जातं. पंप महाग, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आळ त्याच्यावर. प्रत्यक्षात तपास केला तर पुष्कळदा निघतं भलतंच : चोंदलेला फिल्टर, एअर (हवा) धरणारा पाइप, अडकलेला स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) किंवा टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक. म्हणून तपास टाकीपासून सुरू करायचा आणि पंपाकडे सगळ्यात शेवटी यायचं. उलट्या क्रमाने गेलं की चांगला पंप खोलला जातो, आणि एकदा उगाच खोललेला पंप पुन्हा पहिल्यासारखा बसेलच असं नाही.

पाना हातात घेण्याआधी पंप ओळखा

इंजिनाच्या बाजूला लांबट पंप असेल आणि जितके सिलिंडर तितके लोखंडी पाइप त्याच्या डोक्यावरून एका ओळीत निघत असतील, तर तो इनलाइन पंप. आटोपशीर, गोलसर पंपाच्या एका तोंडाभोवती पाइप वर्तुळात बसलेले असतील, तर तो रोटरी. पंपातून एखाद-दुसराच जाड पाइप निघून आधी एका लांब नळीत जात असेल, तिथून इंजेक्टरांना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) फाटे फुटत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरला वायरचं सॉकेट असेल, तर ती कॉमन रेल. काही ट्रकांना असा वेगळा हाय प्रेशर पंपच नसतो, दाब युनिट इंजेक्टरमध्येच तयार होतो. तिथे या लेखातला टाकी ते फिल्टर हा भाग तेवढा उपयोगाचा.

ही ओळख महत्त्वाची, कारण इनलाइन किंवा रोटरी पंपावर जे जपून करता येतं ते कॉमन रेलवर केलं तर जिवावर बेतू शकतं.

दाबाशी खेळ नको

जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) साधारण १५० ते २५० बार दाबाला उघडतो. कॉमन रेलमध्ये हाच दाब १,६०० बारच्या पुढे जातो, नव्या इंजिनांत २,००० च्याही वर. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि इथेच माणूस फसतो. आत गेलेलं डिझेल बोट किंवा हात निकामी करू शकतं. असं झालं तर दुखायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘जास्त दाबाचं डिझेल कातडीखाली गेलंय’ असं स्पष्ट सांगा. बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं.

गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. कॉमन रेलचा कुठलाही हाय प्रेशर नट चालू इंजिनावर ढिला करायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ द्या. इंजेक्टरच्या सॉकेटला चालू इंजिनावर हात लावू नका, तिथलं व्होल्टेज बॅटरीच्या कितीतरी पट असतं.

बाकीची तयारी नेहमीचीच : सपाट जागा, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, डोळ्यांना गॉगल. केबिन उचलली असेल तर तिचा लॉक बसलाय याची खात्री करा, नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर विश्वास ठेवू नका. एक जाड फळीही जवळ ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला किंवा इंजिन स्वतःचंच ऑइल ओढायला लागलं तर ते चावी फिरवूनही थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. अशा वेळी हवेचं तोंड फळीने दाबून बंद करायचं. हाताने कधीच नाही.

आधी धूर बघा

इंजिन सुरू होत नसेल तर एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग कारण थंडी, हीटर, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी. या दुसऱ्या बाबतीत फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही.

चालत्या गाडीत काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यामुळे काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे होज तपासा. निळा धूर इंजिन ऑइलचा असतो, त्यात डिझेल पंपाचा दोष सहसा नसतो.

टाकीपासून पुढे

गाडी तासभर नीट चालून बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, असं असेल तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. मग टाकीतल्या सक्शन पाइपची आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाची जाळी पाहा. ही फीड पंपाची छोटी जाळी भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही.

वॉटर सेपरेटरच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. पाणी तळाला बसतं, वेगळा थर दिसतो. पाणी पंपाला फार वाईट, कारण पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातली फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते आणि तिथे वंगण म्हणून डिझेलच असतं. पाण्याने ते वंगण जातं, गंज येतो, प्लंजर चिकटतो. बाटलीत काळपट चिकट गाळ दिसला तर डिझेलमध्ये जंतू वाढलेत. टाकी धुतल्याशिवाय नवा फिल्टर टिकणार नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठूनही फिल्टर बुजतो.

आता एअर. टाकी ते फीड पंप या टप्प्यात लाइनमध्ये ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे तिथे चीर असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि गाडी मात्र सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते. फीड पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक होज जोडून पाहा, बुडबुडे दिसले की हवा मागूनच येतेय. जुने रबरी होज, सैल क्लिप, पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, फिल्टरची नीट न बसलेली रिंग, ही एअरची नेहमीची ठिकाणं.

यापेक्षा नेमकी परीक्षा म्हणजे कॅन लावून बघणं, आणि मला विचाराल तर सगळ्या तपासातली ही सगळ्यात कामाची. स्वच्छ कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, कॅन फीड पंपापेक्षा थोडा उंच बांधा, टाकीकडून येणारी लाइन काढून कॅनमधून होज थेट फीड पंपाला द्या. रिटर्नही (उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप) त्याच कॅनमध्ये सोडा. एअर काढून गाडी सुरू करा. आता ती नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप याच टप्प्यात आहे आणि पंपाला हात लावायची गरज नाही. तरीही तसंच रडगाणं चालू राहिलं तर दोष फीड पंपाच्या पुढे. एका कॅनने अर्धी यंत्रणा संशयातून मोकळी होते. कॅन गरम मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, आणि ही परीक्षा गाडी उभी असतानाच करा.

एअर कशी काढायची

इनलाइन आणि रोटरी पंपासाठी क्रम असा :

१. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करा, हँड प्रायमर (डिझेल भरायचा हातपंप) मारत राहा. फेस संपून सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा.

२. पंपावर ब्लीड स्क्रू असेल तर तिथेही तेच करा.

३. नोझलकडचे पाइपचे नट अर्धा फेरा ढिले करा, त्यावर फडकं गुंडाळा, सेल्फ मारा. डिझेल ठिबकायला लागलं की एकेक नट आवळा. सेल्फ सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

कॉमन रेलला तिसरी पायरी लागू नाही. तिथे फक्त कमी दाबाची बाजू प्रायमरने किंवा इलेक्ट्रिक पंपाने भरायची, बाकीची हवा यंत्रणा आपली आपण काढते.

प्रायमर कितीही मारला तरी कडक होत नसेल तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह गेलेत किंवा मागून हवा येतेय. इनलाइन पंपावर आणखी एक जागा पाहा : ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मेली की पंपाच्या गॅलरीतला (डिझेल साठणाऱ्या आतल्या पोकळीतला) दाब पडतो, लोडला ताकद जाते, आणि सगळे म्हणतात पंप उतरला.

स्टॉप सोलेनॉइड

एअर नाही, फिल्टर नवा, तरी धूरच नाही? चावी ऑन केल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज येतो का ऐका. येत नसेल तर टर्मिनलला व्होल्टेज आहे का मोजा. व्होल्टेज असून आवाज नाही तर सोलेनॉइड गेला, व्होल्टेजच नाही तर फ्यूज, रिले, वायर बघा. केबलचा स्टॉप असेल तर लिव्हर पूर्ण परत येतो का तेवढं पाहा.

आता पंपाची पाळी

इंजिन चालतंय पण मिसिंग आहे (एखादा सिलिंडर काम करत नाही), असं असेल तर मेकॅनिकल पंपावर आयडलिंगला एकेका नोझलचा नट थोडा ढिला करून बघा. आरपीएम पडला तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर दोष तिथे. मग त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्यात टाका, वॉशर नवे घाला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर पंपाचा एलिमेंट (त्या सिलिंडरची प्लंजर-बॅरल जोडी), डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन मोजून मगच पंपाला दोष द्या.

थंड असताना पटकन सुरू होते आणि गरम झाल्यावर अजिबात नाही, ही झिजलेल्या पंपाची खूण. गरम डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी वेगात झिजलेल्या फटीतून निसटतं. बंद इंजिनावर पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळून तो निववा आणि पुन्हा सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर संशय पक्का. चालत्या किंवा तापलेल्या पंपावर गार पाणी मात्र ओतू नका, आतला भाग आवळून जाम होऊ शकतो.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचं सील, एलिमेंट किंवा फीड पंप गळतोय. अशा अवस्थेत गाडी चालवू नका, पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातील.

कॉमन रेलला स्कॅनर लागतोच. सेल्फ मारताना रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघा. पी ००८७ हा कोड म्हणजे रेलचा दाब कमी, पंप खराब असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. गळका इंजेक्टरही दाब खातो. सोलेनॉइड इंजेक्टर असतील तर प्रत्येकाचा रिटर्न सारख्या बाटलीत घेऊन काही मिनिटं आयडलिंग द्या. एक बाटली इतरांच्या मानाने खूप भरली तर दोषी तो. पिएझो इंजेक्टरच्या रिटर्नमध्ये दाब ठेवावा लागतो, तिथे ही परीक्षा नको. आणि फिल्टर कापल्यावर पांढऱ्या फडक्यावर चमकणारा धातूचा कीस दिसला तर गाडी तिथेच थांबवा. पंप आतून झिजतोय आणि तो कीस रेल, इंजेक्टर, टाकी सगळीकडे पोचलाय.

इथे थांबा

जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची) सेटिंग, सील केलेले बोल्ट यांना घरी हात लावायचा नाही. प्लंजर-बॅरल जोडीने घासून बसवलेले असतात, एकाचा दुसऱ्यात चालत नाही. सेटिंग टेस्ट बेंचवरच होते.

पंप काढायचाच झाला तर आधी सगळा भाग धुवा. फ्लॅन्ज आणि इंजिन यांच्यावर मिळून एक खूण कोरा, पाइप सुटला की लगेच दोन्ही तोंडांना स्वच्छ टोपणं लावा. दुरुस्तीला नोझलही सोबत द्या, आणि कॅन लावून काय दिसलं, गरम असताना काय होतं, कुठला सिलिंडर मिस होतो हे कागदावर लिहून द्या. पंप परत आल्यावर बसवण्याआधी टाकी साफ, फिल्टर नवा. रोटरी पंप गाळलेल्या डिझेलने काठोकाठ भरूनच सेल्फ मारायचा, आणि इनलाइन असेल तर कॅम चेंबरमध्ये सांगितलेलं ऑइल आधी घालायचं. कोरडा फिरला तर नवा पंपही पहिल्याच मिनिटात खराब होऊ शकतो.