घरातल्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर कशा उतरवाव्यात

१९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आले आणि नाशिकमध्ये मेन रोडपासून सिडकोपर्यंत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या उघडल्या. डिपॉझिट भरायचं, वहीत नाव लिहायचं, कॅसेट न्यायची आणि रिवाइंड करून परत द्यायची. ती दुकानं गेली. त्यांच्याकडचे बरेचसे चित्रपट आज कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतात. कपाटातल्या बाकीच्या कॅसेटींवर जे आहे ते मात्र कुठेच सापडणार नाही. मावशीचं लग्न, आता पाडून टाकलेल्या वाड्याचा चौक, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), १९९१-९२च्या सिंहस्थातला रामकुंड. भाड्याच्या कॅसेटींवर चित्रपटाच्या खालून सरकणाऱ्या जाहिरातीसुद्धा त्यातच आल्या, कारण ॲपवरच्या प्रतीत त्या नसतात.

हे काम लांबणीवर टाकू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. आज जी यंत्रं चालू आहेत तेवढ्यांवरच सगळी भिस्त आहे. त्यांचे रबरी पट्टे आणि रोलर दरवर्षी आणखी कडक होत चालले आहेत.

नाशिकमध्ये या कामाला दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते. जून ते सप्टेंबर दमट हवेत यंत्राच्या ड्रमवर, म्हणजे टेप वाचणारी हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर, ओल धरते, टेप त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडच्या घरातून कॅसेटी आणल्या असतील तर आठवडाभर कोरड्या खोलीत उभ्या ठेवा आणि मगच यंत्रात घाला.

कॅसेट तपासणे

सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटचा रेकॉर्डिंगचा कान मोडा. पाठीची कड, म्हणजे लेबलाची बाजू, आपल्याकडे धरली की डाव्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा चौकोन दिसतो. तो स्क्रूड्रायव्हरने उचकटला की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. त्या जागी सेलोटेप लावलेली दिसली, तर कुणीतरी मोडलेल्या कानावर टेप लावून त्या कॅसेटवर नव्याने रेकॉर्डिंग केलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणून लेबलावर चित्रपटाचं नाव आहे एवढ्यावरून कॅसेट टाकून देऊ नका. शेवटपर्यंत बघा. चित्रपट संपल्यावर उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत घरातला वाढदिवस निघतो.

मग टॉर्च घेऊन खिडकीतून आत बघा. गुंडाळीचा सपाट पृष्ठभाग काळा आणि एकसारखा चमकणारा हवा. त्यावर पांढरी भुकटी, ठिपके किंवा जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात अजिबात घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. बुरशीच्या कॅसेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. त्या सगळ्यात शेवटी करायच्या, तेही शक्यतो दुसऱ्या, टाकाऊ यंत्रावर. मास्क लावा आणि गॅलरीत बसा. कॅसेटच्या खालचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घ्या. गुंडाळीच्या कडा मऊ, कोरड्या ब्रशने झटका. मग त्या यंत्रावर टेप पुढे-मागे फिरवताना तिच्या दोन्ही बाजूंना लिंट न सुटणारं कापड हलकेच धरा. घाईत ओढलं तर टेप ताणली जाते आणि ताणलेली टेप कधीच पूर्ववत होत नाही.

गोदेच्या पुराचं पाणी शिरलेल्या घरांतल्या कॅसेटींची गोष्ट वेगळी. त्यात गाळ असतो आणि वाळला की तो पॉलिश पेपरासारखा टेप घासतो. भिजलेली कॅसेट उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरही लावू नका. ओली असतानाच उघडा, रिळं स्वच्छ पाण्यात आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून काढा. मग पंख्याच्या गार वाऱ्यात उभी ठेवून निदान दोन-तीन दिवस वाळू द्या. चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवूनच चालवा.

यंत्र

चालू व्हीसीआर मिळवायला जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर हा सर्वात भरवशाचा मार्ग. ते पट्टा आणि रोलर बदलूनही देतात. चार हेडचं किंवा हाय-फाय यंत्र मिळालं तर तेच घ्या. त्यात लाँग प्लेवर, म्हणजे निम्म्या वेगाने भरलेल्या कॅसेटी जास्त स्वच्छ दिसतात. आखाती देशांतून आणलेली यंत्रं बहुधा २२० ते २४० व्होल्टची आणि पाल, एनटीएससी अशा वेगवेगळ्या देशांच्या चित्रपद्धती वाचणारी असतात, ती उत्तम. अमेरिकेतून आणलेलं यंत्र ११० व्होल्टचं असतं आणि फक्त एनटीएससी वाचतं. आपल्याकडच्या पाल कॅसेटींना त्याचा उपयोग नाही. थेट २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसलं तर जळतं. उलट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट काळी-पांढरी दिसली किंवा चित्र वर सरकत राहिलं, तर ती एनटीएससी आहे असं समजा.

यंत्र आणल्यावर आपली लाडकी कॅसेट आधी घालायची नाही. टाकाऊ कॅसेटवर प्ले, स्टॉप, फास्ट फॉरवर्ड, रिवाइंड आणि इजेक्ट हे सगळं दोन-तीनदा करा. मग कॅसेटची पुढची झडप उघडून टेपच्या दोन्ही कडा बघा. त्या सरळ हव्यात. खालच्या कडेवर चित्राचा वेग सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक असतो. ती कड चुरगळली तर चित्र ठरावीक जागी कोसळतं. वरच्या कडेवर साधा, मोनो आवाज असतो. ती चुरगळली तर आवाज डुबतो. कडा चुरगळत असतील तर टेप पुढे ओढणारा पिंच रोलर कडक झालाय किंवा तिला वाट दाखवणारा गाइड हललाय. कारागिराला तेवढंच सांगा.

कॅसेट खाल्ली जाते तेव्हा बहुतेकदा टेप गोळा करणारं रीळ फिरत नसतं. ते फिरवणारं चाक, म्हणजे आयडलर, झिजलेलं असतं. टेपचा फास बाहेर राहतो आणि इजेक्ट करताना अडकतो. अशा वेळी ओढाओढ नको. वायर काढा, थोडा वेळ थांबा, वरचं झाकण उघडा आणि गाइडवरून टेप बोटाने सोडवा. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका, वायर काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

हेड साफ करणं हे लायब्ररीवाल्याचं रोजचं काम होतं, आता ते आपलं. चित्रावर पांढरी खरखर आणि आवाज मात्र ठीक, हे मळलेल्या हेडचं लक्षण, कारण साध्या आवाजाचं हेड वेगळं आणि स्थिर असतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं. साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी त्यात भिजवा आणि ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा. दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश फिरवा, चार-पाच फेरे पुरतात. पट्टी कधीही वर-खाली घासू नका. हेडचं टोक फार नाजूक असतं, आडव्या हालचालीत टिकतं आणि उभ्या हालचालीत तुटतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीचे तंतू त्यात अडकतात, म्हणून ती ड्रमसाठी नको. स्थिर हेडला आणि धातूच्या गाइडला चालते. रबरी रोलर साबणाच्या किंचित पाण्याने पुसा, अल्कोहोलने रबर आणखी सुकतं. नेलपॉलिश रिमूव्हर कुठेच वापरायचं नाही. साफ केल्यावर पंधरा मिनिटं थांबा आणि मगच कॅसेट घाला.

जोडणी आणि उतरवणं

व्हीसीआरच्या मागच्या एव्ही आउटमधून पिवळी, लाल आणि पांढरी वायर काढा आणि यूएसबी कॅप्चर उपकरणाला लावा. एस-व्हीएचएस यंत्र असेल तर पिवळीऐवजी एस-व्हिडिओ. अँटेनाची वायर वापरू नका, चित्र आणि आवाज दोन्ही खालावतात. हल्ली एव्हीचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करणाऱ्या स्वस्त डब्या सर्रास विकल्या जातात. या कामासाठी त्या घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातल्या बहुतेक चौकोनी चित्र ताणून रुंद करतात, सेकंदाच्या ५० फील्डचे, म्हणजे अर्ध्या चित्रांचे, ६० फ्रेम करतात आणि हालचालीत धक्के आणतात. एकदा तसं भरलं की मागे फिरता येत नाही.

संगणकावर रेकॉर्डिंगला व्हर्च्युअलडब किंवा ओबीएस हे सॉफ्टवेअर चालतं. मूळ प्रतीसाठी आमची पसंती व्हर्च्युअलडबला, कारण किती फ्रेम गळल्या ते ते आकड्यात दाखवतं. पद्धत पाल-बी, आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, रंग वायूवाय२, आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट. मूळ प्रत हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र साठवण्याच्या पद्धतीत, घ्या. त्यात दर्जा गळत नाही. जागा मात्र तासाला सुमारे ३० जीबी लागते, म्हणजे ई-१८०ची तीन तासांची कॅसेट ९० जीबीपर्यंत जाते. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट३२ डिस्कवर ४ जीबीच्या पुढे फाइल जातच नाही आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. ओबीएस वापरत असाल तर एमकेव्हीमध्येच भरा. वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो, साधी एमपी४ फाइल मात्र उघडतच नाही. लॅपटॉपचं स्लीप बंद करा. कॅप्चर उपकरण हबऐवजी थेट पोर्टला लावा.

कॅसेट आधी एकदा टोकापर्यंत फास्ट फॉरवर्ड करा आणि परत पूर्ण रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसलेली गुंडाळी सैल होते, ताण सारखा होतो. मग पहिली दहा मिनिटं भरून थांबा. तपासायचं एवढंच, की दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळतात का. जुळत नसतील तर फ्रेम गळताहेत. व्हीसीआरमधून येणाऱ्या प्रत्येक रेषेची वेळ किंचित मागेपुढे होत असते आणि स्वस्त उपकरण त्यात वाट चुकतं. यावरचं खरं औषध टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेषांची वेळ सारखी करणारं उपकरण, पण ते महाग आणि दुर्मिळ. रेकॉर्डिंग करणारा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर व्हीसीआर त्याच्या इनपुटला आणि त्याचं आउटपुट कॅप्चर उपकरणाला लावून बघा. डिस्क घालायची गरज नाही, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. अनेक मॉडेलांत एवढ्याने चित्र स्थिर होतं.

खालून वर सरकणाऱ्या खरखरीच्या पट्ट्याला ट्रॅकिंगचं बटण. ते प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते. अगदी तळाशी राहणारी वाकडी पट्टी हा दोष नाही, दोन हेडची अदलाबदल तिथे होते. टीव्हीच्या चौकटीत ती झाकलेली असायची. चित्र मध्येच निळं होत असेल तर व्हीसीआरच्या मेन्यूत ब्लू बॅक बंद करा. खालचं अस्पष्ट चित्र तरी हाती लागेल. हाय-फाय आवाज तडतडत असेल तर यंत्रावर ऑडिओ नॉर्मल किंवा मोनो निवडा.

तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाईचा मार्ग नाही. एका संध्याकाळी एक कॅसेट धरा आणि खोलीत कुणीतरी असू द्या. टेप करकरली की लगेच थांबवता येतं.

तुटलेली टेप जोडायला व्हिडिओ स्प्लायसिंग टेपच वापरा. सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर जातो. दोन्ही टोकं स्वच्छ कापून भिडवा, एकावर एक चढवू नका. चिकटपट्टी टेपच्या आतल्या अंगाला लावा. व्हीएचएसमध्ये चुंबकीय थर बाहेरच्या अंगाला असतो आणि हेड त्यालाच लागतं. जोडावरून प्ले करणं टाळावं. जोडाच्या अलीकडचा भाग वेगळा भरा, जोड रिवाइंड-फॉरवर्डमध्ये पार करा आणि पलीकडचा वेगळा भरा.

बाजारात विकल्या गेलेल्या चित्रपटांच्या कॅसेटींवर हा खटाटोप करू नका. त्यांचे हक्क निर्मात्याकडे आहेत. शिवाय अनेकींवर नक्कलरोधक सिग्नल असतो आणि भरताना चित्र उजळत-काळवंडत राहतं.

नंतरचं काम

मूळ प्रत आहे तशीच जपा. नातेवाइकांना द्यायला तिच्यावरून दुसरी एच.२६४ प्रत काढा. डीइंटरलेस करून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून, सेकंदाला ५० फ्रेम आणि ६ एमबीपीएस ठेवलं की तासाला पावणेतीन जीबी होतात. चौकट ४:३च ठेवा. चेहरे रुंद करून पडदा भरण्यात काही अर्थ नाही.

लायब्ररीची वही मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर क्रमांकाचं स्टिकर आणि वहीत एक ओळ: क्रमांक, लेबलावर काय लिहिलंय, आत खरोखर काय आहे, कुठल्या मिनिटाला काय, कोण कोण दिसतं, उतरवल्याची तारीख, फाइलचं नाव. फाइलच्या नावात तोच क्रमांक पुढे असू द्या. ‘कोण कोण दिसतं’ हा रकाना घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांबरोबर बसूनच भरा आणि ते आधी करा, फाइली नंतरही नीट लावता येतील. पंगतीत वाढणारा तो माणूस कोण, हे सांगणारं दुसरं कुणी नसतं.

मूळ प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा दोन्ही लावून चार-दोन फाइली उघडून बघा. मूळ कॅसेटी उतरवल्यावरही टाकू नका. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, स्पीकरपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. माळ्यावर नकोत, मे महिन्यात पत्र्याखाली कॅसेटीचं खोकं वाकतं. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.