साखर कारखान्याच्या शेती विभागात रुजू होताना

कृषी पदविका किंवा पदवी घेऊन सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांच्या शेती विभागात दरवर्षी काही मुले-मुली नव्याने रुजू होतात. उसाच्या जाती, खतांच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण हे सारे त्यांना येत असते. तरीही पहिल्याच गळीत हंगामात त्यांची दमछाक होते, कारण ज्या कामात दिवस जातो ते काम कोणी शिकवलेले नसते. गट कार्यालयातल्या, म्हणजे काही गावांसाठी असलेल्या कारखान्याच्या कार्यालयातल्या, माणसाचे मुख्य काम म्हणजे तोडणीची तारीख सांगणे, ती पुढे गेली तर तेही सांगणे, आणि हा निरोप शेतकरी, तोडणी टोळीचा मुकादम, चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस), केनयार्ड (कारखान्यावर उसाची वाहने थांबतात ते आवार) आणि वरिष्ठ या सर्वांपर्यंत एकाच अर्थाने पोहोचवणे. कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्यात मी कृषी सहायक म्हणून लागले आणि पुढे गट अधिकारी झाले. त्या काळात जे उमगत गेले ते नव्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

तारखेला एवढे महत्त्व का, हे आधी नीट समजून घ्यावे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, तर सुरू लागण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची. म्हणजे तुमच्यासमोर येणाऱ्या शेतकऱ्याने वर्ष ते दीड वर्ष पाणी, खत आणि सोसायटीचे कर्ज त्या रानात घातलेले असते. तोडणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे लागते, म्हणजे उसात साखर भरते आणि ट्रॉली रानात रुतत नाही. तुम्ही सांगितलेल्या दिवशी टोळी आली नाही तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: ऊस वाळू द्यायचा आणि वजन घटलेले पाहायचे, किंवा पुन्हा पाणी द्यायचे आणि रान वाफशावर, म्हणजे पाय न रुतण्याइतपत सुकून, येईपर्यंत तोडणीची पाळी आणखी लांबवायची. ऊस मोडून गहू किंवा हरभरा करायचा असेल तर रान वेळेत मोकळे व्हावे लागते. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांपासून पुन्हा वाढणारे पीक, ठेवायचा असेल तर ऊस १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेला बरा, कारण त्यानंतर तुटलेल्या उसाच्या खोडव्याला उन्हाळा सोसत नाही. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. शेतकरी हे १४ दिवस बोटांवर मोजत असतो, कारण सोसायटीचा हप्ता, मुलांच्या कॉलेजची फी आणि घरातले कार्य त्यांच्यापुढे ठरलेले असते. तुम्ही सहज सांगितलेल्या एका तारखेवर एवढ्या गोष्टी उभ्या असतात.

म्हणून निरोप अर्धा देऊ नये. ‘बघू’, ‘होईल’, ‘वरून प्रोग्राम आला नाही’ ही उत्तरे दिल्यावर फोन लगेच बंद होतो, पण तोच फोन दुसऱ्या दिवशी अधिक चढ्या आवाजात पुन्हा येतो. माझा एक ठरलेला नमुना आहे, तो इथे जसाच्या तसा देते: “तात्या, तुमची पाळी बुधवारी होती, ती पुढं गेली आहे. मिलमध्ये दुरुस्ती निघाली आहे, दोन दिवस गाळप कमी राहील. नक्की दिवस मी तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी फोन करून सांगते. तोवर रानाला पाणी देऊ नका.” काय झाले, का झाले, पुढची माहिती केव्हा मिळेल आणि तोवर काय करायचे, एवढे चार वाक्यांत येते. यातले तिसरे वाक्य सर्वांत जड आहे. शुक्रवारी सांगण्यासारखे काही नसले तरी शुक्रवारचा फोन झालाच पाहिजे. ‘अजून ठरलेले नाही, सोमवारी सकाळी सांगते’ एवढेच बोलायचे असले तरी झाला पाहिजे. माझ्या अनुभवात शेतकरी उशीर पुष्कळ सोसतो, पण आपल्याला विसरले गेले आहे ही भावना तो सोसत नाही.

आणखी एक गोष्ट क्रमाची आहे. एखादे रान आत असते, वाट दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जाते, म्हणून त्याच्या मागच्या नंबरचा ऊस आधी तोडावा लागतो. हा निर्णय रास्त असतो. परंतु तो त्या शेतकऱ्याला पारावर किंवा चहाच्या गाड्यावर दुसऱ्याच्या तोंडून कळला तर रास्त राहत नाही. टोळी हलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जावे. वयाने मोठ्या माणसाला अण्णा, आबा, तात्या, बाईमाणसाला काकी, वहिनी असे म्हणून बोलावे. इकडच्या गावांत हे वरवरचे वळण मानले जात नाही, त्यावरून तुमची जात नव्हे तर वागणूक पाहिली जाते. माणूस रागावला असेल तर त्याला पूर्ण बोलू द्यावे, आणि चार लोक जमलेले असतील तर वाद तिथे न मिटवता त्याच्याबरोबर बांधापर्यंत चालत जावे. अनेक रानांचा सातबारा बाईच्या नावावर असतो आणि बिलही तिच्याच खात्यावर जमा होते, पण पाळीचा निरोप मात्र घरच्या पुरुषालाच दिला जातो. मी अशा ठिकाणी दोघांनाही कळवते, आणि नव्या मुलींनी तरी ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

खुशालीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तोडणीसाठी किंवा ट्रॉली भरण्यासाठी शेतकऱ्याकडून वरचे पैसे मागितले जातात हे सर्वांना माहीत असते. तुम्ही यावर गप्प राहिलात, तर त्यात तुमचाही वाटा आहे असेच गाव समजते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमासमोर आणि शेतकऱ्यांसमोर सांगून टाकावे की कोणी पैसे मागितले तर लेखी तक्रार द्यावी, ती मी स्वतः कारखान्यावर पोहोचवीन. आणि तक्रार आल्यावर ती खरोखर पोहोचवावी.

टोळीशी बोलणे हा वेगळा अभ्यास आहे. बरेच तोडकरी बीडकडून किंवा अहिल्यानगरकडून, काही आपल्याच जत-आटपाडीकडून येतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडण्यासाठी ती जोडी पहाटे अंधारात फडात उतरते. मुकादम तुम्हाला उद्या किती कोयते लागतील ते सांगेल, पण कोणत्या जोडीचे मूल तापाने फणफणले आहे आणि उद्या ती येणार नाही हे खोपीवरच्या, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरच्या, बाईला माहीत असते. संध्याकाळी खोपीवर जाऊन दहा मिनिटे बसले की दुसऱ्या दिवसाचा अंदाज खरा ठरतो. आजारी मुलासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ सांगणे, शाळेच्या वयाच्या मुलांची माहिती जवळच्या शाळेत देणे, ही कामे तुमच्या कामाच्या यादीत लिहिलेली नसतील. ती तरीही करावीत, कारण ही माणसे सहा महिने तुमच्या भरवशावर परक्या गावात राहतात.

कारखान्याकडे द्यायची माहिती मात्र आकड्यांतच द्यावी. ‘आज ऊस बराच आहे’ या वाक्याचा केनयार्डला काही उपयोग नाही; किती ट्रॅक्टर भरून निघाले, किती बैलगाड्या, किती ऊस तुटून फडात पडून आहे, असे सांगितले तर गव्हाणीवरचे, म्हणजे जिथे ऊस गाळपाला टाकतात तिथले, नियोजन होते. तुटलेला ऊस जितका पडून राहतो तितकी त्याची साखर आणि वजन उतरते, म्हणून मिल बंद पडल्याची बातमी जितक्या लवकर तुमच्यापर्यंत येईल तितक्या लवकर फडातला कोयता थांबला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप टाकला म्हणजे तो पोहोचला असे धरू नये. फडात असलेल्या चिटबॉयला फोन करून त्याच्याकडून निरोप परत म्हणवून घ्यावा. आणि गटावर कोणाची चूक काढू नये, विशेषतः कनिष्ठाची; ते बोलणे समोरासमोर दोन मिनिटांत होते.

बदलांबद्दलही सांगायला हवे, कारण नव्या मुलांकडून त्यांचीच अपेक्षा असते. लागणीची नोंद पूर्वी वहीत होत असे, आता मोबाइलवर, रानाच्या कडेने फिरून जीपीएसने होते. हार्वेस्टर आले, त्यांच्यासाठी सऱ्यांमधले अंतर वाढवा असे सांगावे लागते, आणि पाचटाची (उसाच्या वाळलेल्या पाल्याची) वजावट का होते याचा खुलासा प्रत्येक घरी वेगळा द्यावा लागतो. जुने चिटबॉय मोबाइलला नाखूश असतात तेव्हा त्यांना आळशी ठरवण्याची घाई होते. त्यांच्याशी बसून बोलल्यावर मला वेगळेच आढळले: कोणत्या रानाची वाट कोणाच्या संमतीवर चालते, कोणत्या दोन भावांचे बोलणे बंद आहे, कोणत्या विहिरीजवळ वीजतार खाली आली आहे, ही त्यांची सारी माहिती ॲपच्या एकाही रकान्यात बसत नव्हती, आणि आपण जे जाणतो ते आता कोणी विचारणार नाही या काळजीने ते अडून बसले होते. आमच्या गटात आम्ही शेऱ्याच्या रकान्यात ही माहिती भरायला सुरुवात केली. वयस्क चिटबॉय सांगत आणि नवा मुलगा टिपून घेई. त्यानंतर विरोध निवळला. नवे साधन आणताना ज्याच्या हातून जुने साधन काढून घेता, त्याला नव्यात काहीतरी जागा ठेवावी.

या सगळ्याची कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस, वाळवा, मिरज भागातला काठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. उसाचा शेंडा बुडून कुजला की वाढ थांबते, बगलेतून पांगशा फुटतात आणि साखर उतरते. असा ऊस हंगाम सुरू होताच आधी तोडावा लागतो. म्हणजे आधी ठरवलेला सगळा तोडणी कार्यक्रम मोडीत निघाला, आणि माळावरच्या ज्या शेतकऱ्यांचे काहीच बिघडले नव्हते त्यांना ‘तुमची पाळी मागे गेली’ हे सांगण्याची वेळ आली. आमच्यातल्या काहींची स्वतःची घरे पाण्यात होती. आम्ही पहिल्यांदा त्यांना कामातून मोकळे केले आणि त्यांची गावे उरलेल्यांत वाटून घेतली. मग गावोगाव देवळात बैठका घेतल्या, बुडालेल्या उसाची कांडी फोडून आतला लालसर भाग सर्वांना दाखवला आणि विचारले की हा आधी जावा की नाही. माळावरच्या बहुतेकांनी मान्य केले. ज्यांनी केले नाही त्यांची अडचणही खरी होती, आणि ज्यांना खोडवा धरायचा होता त्यांच्यासाठी फेब्रुवारीच्या मध्याआधीची पाळी आम्ही लिहून दिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा हीच पद्धत हाताशी असल्यामुळे पहिल्या आठवड्यातला गोंधळ पुष्कळ कमी झाला.

त्या दिवसांत माणसे कशावर टिकून राहिली याचा मी खूप विचार केला आहे. मोठ्या धीराच्या गोष्टी कोणी करत नव्हते. कागदावर लिहिलेली नावे-नंबरांची यादी होती, कारण मोबाइल भिजले होते आणि टॉवर बंद होते. सकाळी एका ठरलेल्या ठिकाणी भेटण्याची वेळ होती. आणि ‘आज नवीन काही नाही’ हेही सांगायचे असा शिरस्ता होता. एखादा सहकारी न बोलता बसू लागला तर त्याला एकट्याला गावात पाठवत नव्हतो. हंगामातही हे लागू आहे. गळीत चोवीस तास चालते, फोन रात्रीही वाजतो, म्हणून रात्रीच्या फोनची पाळी दोघांत वाटून घ्यावी आणि ती वरिष्ठांना सांगून घ्यावी. घरच्यांना नोव्हेंबरच्या आधीच सांगावे की मार्चपर्यंत आपण कसे असणार आहोत. झोप मोडलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा आदर जातो, आणि या कामात तो गेला की बाकी सारे अवघड होते.

शक्य असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर रुजू व्हावे, कारण त्या महिन्यांत कोणी तुमच्याकडे पाळी मागायला येत नाही. लागण नोंदीला चिटबॉयबरोबर पायी फिरावे, उसाला माती लावण्याच्या, म्हणजे बांधणीच्या वेळी रानात थांबून बोलावे. एक वही करावी आणि तिच्यात प्रत्येक रानासमोर लिहावे: ट्रॉलीची वाट कोणाच्या रानातून जाते, पाणी कोणत्या योजनेचे किंवा विहिरीचे, ऊस गेल्यावर तिथे काय करायचे ठरले आहे, सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि फोन कोण उचलते. बॉयलर पेटण्याच्या आत ही वही भरलेली असावी, आणि तिची एक प्रत कार्यालयाच्या कपाटात, वरच्या खणात ठेवावी.