रोलर चेन मागवताना नुसता पिच सांगू नका

हिंगणा किंवा बुटीबोरीहून नागपूर शहरात जाऊन आणलेली चेन स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) बसलीच नाही, की मशीन थांबतं आणि दिवसही वाया जातो. दुकानात ‘अर्धा इंची द्या’ असा नुसता पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, सांगून भागत नाही.

आधी जुनी चेन पुसून कडीच्या बाजूच्या पट्टीवरचा शिक्का बघा. ४० किंवा ०८बी असं काही दिसलं तर तोच नंबर सांगा. शिक्का झिजला असेल तर:

१. चेन ताणून सपाट ठेवा. एका पिनच्या डाव्या कडेपासून अकराव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत मोजा आणि १० ने भागा. हा पिच. एकच कडी मोजली तर चूक हमखास होते.
२. रोलरचा, म्हणजे पट्ट्यांमधल्या फिरत्या नळीचा, व्यास व्हर्निअर कॅलिपरने घ्या. खरी गफलत इथेच होते: ४० नंबर आणि ०८बी या दोन्हींचा पिच १२.७ मिमीच, पण रोलर पहिल्यात ७.९२ आणि दुसऱ्यात ८.५१ मिमी.
३. आतल्या दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा मोजा. रोलर तिथेच असतो.
४. चेन एकपदरी की दुपदरी ते बघा, कड्या मोजा. चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) वेगळं मागा.

जुनी चेन झिजून लांबते, म्हणून माप थोडं जास्तच येतं. १० पिचला १२७ऐवजी १२९ मिमी आले तरी चेन अर्धा इंचीच. जवळचं प्रमाणित माप धरा, आणि स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन लवकर खराब होईल.