कर्करोग उलटल्यावर घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी कसे बोलावे

आजार उलटल्याचे कळले की अनेक रुग्णांना 'माझे काय चुकले' हाच प्रश्न आधी छळतो. पहिल्या उपचारांनंतर काही पेशी शिल्लक राहू शकतात, त्या स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या नसतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वाढू लागतात. मन खंबीर नव्हते म्हणून हे घडत नाही. डॉक्टरांना ही गोष्ट घरच्यांसमोर सांगण्याची विनंती करावी, म्हणजे दोष देणाऱ्या नातेवाइकांची समजूत काढण्याचा भार रुग्णावर येणार नाही.

दुसऱ्या वेळी चौकशीचे फोन कमी होतात, आणि हे मनाला फार लागते. पुष्कळांना काय बोलावे तेच सुचत नाही, म्हणून ते टाळतात. अशांकडे नेमके काम मागावे: 'मंगळवारी खारघरला अ‍ॅक्ट्रेक कर्करोग रुग्णालयात तपासणी आहे, सोबत याल का?' किंवा 'धाकटीला क्लासहून आणाल का?' लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. मात्र वरून धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाला तेथे हटकले जाऊ शकते, म्हणून आजाराची कागदपत्रे हाताशी ठेवावीत.

प्रत्येकाला नव्याने सगळे सांगत बसणे थकवणारे असते. बातमी देण्याचे काम घरातल्या एकाकडे सोपवावे, सोसायटीच्या ग्रुपवर किती कळवायचे हे मात्र रुग्णानेच ठरवावे. मुलांपासून लपवू नये. कुजबुज त्यांना ऐकू येतेच, आणि अर्धवट ऐकलेल्यातून ती अधिक भयंकर कल्पना करतात.

जोडीदाराचे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यालाही रडण्यासाठी रुग्णाखेरीज दुसरे माणूस हवे.

स्कॅन आणि रिपोर्ट यांमधले दिवस सर्वांत जड जातात. त्या दिवसांत इंटरनेटवर आकडे शोधण्यापेक्षा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहावेत, आणि या उपचारांचा हेतू आजार बरा करणे आहे की आटोक्यात ठेवणे, हा प्रश्न त्यांत अवश्य असावा. उपशामक उपचार विभागाचे नाव निघताच डॉक्टरांनी हात टेकले असे अनेक घरांत समजले जाते. प्रत्यक्षात हा विभाग वेदना, मळमळ, निद्रानाश आणि भीती यांवर काम करतो, तेही केमोथेरपी चालू असतानाच, त्यामुळे तेथे लवकर जावे. रात्री-अपरात्री मन सैरभैर झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि तो क्रमांक रुग्णाइतकाच घरच्यांसाठीही आहे.