गिफ्टेडमध्ये नंबर लागेल का?

अमेरिकेत नव्याने आलेली मराठी घरं शाळेचे कागद जमा करून झाले की मला हमखास हे विचारतात. गिफ्टेड म्हणजे शाळेतला विशेष हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: आधी तुमच्या डिस्ट्रिक्टचे, म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे नियम वाचा, मग मुलाकडे बघा.

कारण गिफ्टेडसाठी देशभर एकच नियम नाही. फ्लोरिडात सर्वसाधारणपणे बुद्ध्यांक सरासरीच्या बराच वर, म्हणजे साधारण १३० लागतो. जॉर्जियात बौद्धिक क्षमता, अभ्यासातली प्रगती, सर्जनशीलता आणि प्रेरणा अशा चार गोष्टी बघतात आणि बहुतेकदा त्यातल्या तीन गोष्टींत बसावं लागतं. न्यूयॉर्क शहरात चिमुरड्यांची परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. त्यानंतर तिथे किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी) शिक्षक नाव सुचवू लागले आणि पुढे सोडत निघू लागली. एकाच मुलाला तीन गावांत तीन उत्तरं मिळू शकतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

आता पर्सेंटाइल. आमच्या मोठीचा निकाल आला, ९२ आकडा बघून आम्ही दोघं खूश झालो. मग कळलं की तिथे ९६ हवे होते. आपल्या कानाला ९२ म्हणजे शंभरपैकी ९२ मार्क वाटतात. इथे त्याचा अर्थ, तिच्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण ९२ जण तिच्या मागे. वरच्या टोकाला दोन-चार प्रश्नांनीही हा आकडा हलतो, तेव्हा त्यावरून मुलाला जोखू नका. काही डिस्ट्रिक्ट देशाऐवजी आपल्याच शाळांतल्या मुलांशी तुलना करतात. तिथे वस्ती शिकलेल्यांची असेल तर तोच आकडा कमी पडतो.

परीक्षा बऱ्याच ठिकाणी कॉगॅट (CogAT) ही विचारक्षमतेची चाचणी असते. तिचे तीन भाग: शाब्दिक, संख्यात्मक आणि आकृत्यांचा. आकृत्यांचे प्रश्न आपल्या स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीची आठवण करून देतात. प्रश्न कसे असतात हे मुलाला कळावं म्हणून एक-दोन बैठका पुरेत. सहा वर्षांच्या पोराला महिनोन्‌महिने क्लासला बसवणं मला मुळीच पटत नाही.

घरी कोणती भाषा बोलता, असं शाळेचा फॉर्म विचारतो. बिनधास्त मराठी लिहा. त्यामुळे मुलाची इंग्रजीची चाचणी होईल, कदाचित भाषेसाठी मदतही मिळेल. पण केवळ इंग्रजी शिकतोय म्हणून मुलाला गिफ्टेडपासून दूर ठेवता येत नाही. केंद्राच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी २०१५ मध्ये शाळांना तसं स्पष्ट लिहून कळवलं होतं. ते पत्र २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं, पण त्यामागचा कायदा बदललेला नाही. अशा मुलांसाठी आकृत्यांच्या भागाला महत्त्व द्याल का, हे शाळेला जरूर विचारा.

जिथे शिक्षकांचं मत धरलं जातं, तिथे आपली मुलं मागे पडताना मी पाहिली आहेत. मोठ्यांसमोर गप्प बसायचं हे आपण शिकवलेलं असतं, आणि वर्गात ते मूल नुसतं शांत दिसतं. म्हणून पालकांचा फॉर्म मनापासून भरा. ‘खूप हुशार आहे’ लिहून काहीच कळत नाही. बसचं वेळापत्रक पाठ करून त्याने स्वतःचा नकाशा काढला असेल, आजीशी मराठीत बोलताना मध्येच शब्दांची गंमत करत असेल, तर तेच लिहा. चित्रं, वह्या जोडा.

वर्षाच्या मध्यात आला असाल तर परीक्षा होऊन गेलेली असू शकते. ऑफिसात जाऊन ‘नवीन विद्यार्थ्यांची चाचणी कधी?’ एवढं विचारा आणि रेफरल, म्हणजे मुलाची चाचणी घ्या अशी विनंती, लेखी द्या. तोंडी बोलणं हरवतं, आमचं हरवलं होतं.

नकार आला तर अपील करता येतं का ते बघा, अनेक ठिकाणी करता येतं. मुदत मात्र थोडी असते. पत्र हातात पडेल त्याच दिवशी ती तारीख लिहून ठेवा.