रिफ्रेशरला जाण्याआधी: ईएमटीच्या तयारीची यादी

रिफ्रेशरची, म्हणजे आपल्या ॲम्ब्युलन्सवरच्या ईएमटींच्या (तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञांच्या) उजळणी वर्गाची, तारीख कळली की बहुतेक जण जुनं पुस्तक शोधायला लागतात. त्याआधी मागच्या सहा महिन्यांचे आपले केसपेपर काढा. जिथे हात अडला, किंवा ड्यूटी संपल्यावरही ‘तेव्हा मी असं का केलं’ हे डोक्यातून गेलं नाही, अशा तीन केसेस निवडा. पेशंटची ओळख गाळून प्रत्येकीच्या चार ओळी लिहा: काय दिसलं, काय वाटलं, काय केलं, किती वेळ गेला. ‘काही शंका?’ असं विचारल्यावर वर्गात सगळे माना खाली घालतात. तुमच्या खिशात तीन शंका असू द्या.

पुस्तक नंतर उघडा, आणि प्रोटोकॉल (उपचारांची ठरवून दिलेली पद्धत) चालू वर्षाचाच आहे ना, हे बघून उघडा. छातीत दुखतंय म्हटलं की सरसकट ऑक्सिजन लावायची सवय अजून कितीतरी हातांत आहे. हार्ट अटॅकचा संशय असलेल्या पेशंटची ऑक्सिजन पातळी 90 टक्क्यांच्या वर असेल आणि त्याला धाप लागत नसेल, तर सरसकट ऑक्सिजनचा फायदा दिसलेला नाही. ॲस्पिरिनचं तसं नाही. ॲलर्जी आणि रक्तस्राव विचारून 160 ते 325 मिलिग्रॅम चावून खायला द्यायची, हे पक्कं असू द्या.

सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास देण्याचे, आकडे आपण झोपेतही सांगू: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास. मागच्या खेपेला दाब बरोबर असला की दिवा लागणाऱ्या मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) मला पहिलं मिनिटभर हिरवा दिवा मिळाला. दुसऱ्या मिनिटाला तो विझला. दाब खोल होता, पण मी छातीवर रेलून राहिलो होतो, ती पुरती वर येतच नव्हती, आणि दिवा नसता तर मला ते कळलंही नसतं. म्हणून आठवडाभर आधीपासून मोबाइलवर मेट्रोनोम 110 वर लावून घट्ट उशीवर रोज दोन मिनिटं दाबा: कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, दर दाबानंतर वजन उचललेलं. जोडीदार असेल तर दोन मिनिटांनी बदली करा आणि मधला खंड मोजा. 10 सेकंदांच्या पुढे जाता कामा नये. तान्ह्या बाळासाठी दोन अंगठे, खोली साधारण 4 सेंटिमीटर, दोघे असाल तर 15 ला 2, हेही बाहुलीवर करून बघा.

ॲम्बू बॅग (मास्कमधून श्वास देण्याची, हाताने पिळायची पिशवी) एकट्याने धरली की मास्कच्या कडेने हवा गळतेच, दाढीवाल्या पेशंटला तर हमखास. एकाने दोन्ही हातांनी मास्क दाबायचा, दुसऱ्याने बॅग पिळायची, असा सराव मागून घ्या. नाडी लागतेय पण श्वास नाही, अशा मोठ्या माणसाला दर 6 सेकंदांनी एक श्वास, तोही छाती उठताना दिसेल इतकाच. घाबरल्यावर आपण भराभर पिळतो, हवा पोटात जाते, उलटी होते आणि मग ती तोंडातून ओढून घेणारं सक्शन शोधायची धावपळ.

ऑक्सिजनचं गणित कागदावर करून न्या. 2 लिटर क्षमतेचा छोटा सिलिंडर, काटा 100 बारवर, म्हणजे आत साधारण 200 लिटर. मिनिटाला 15 लिटर सोडले तर 13 मिनिटं, आणि थोडा राखून ठेवायचा म्हटलं तर त्याहून कमी. जिना आणि लिफ्टची वाट यातच बसवायची आहे.

बेशुद्ध, बरळणारा, झटके येणारा, लकव्यासारखा दिसणारा, कुणीही असो, साखर बघायचीच. स्ट्रिपच्या डबीची तारीख तपासा. बोटाला गोड चिकटलेलं असेल तर आकडा फुगतो. स्पिरिट वाळू न देता टोचलं तरी आकडा चुकू शकतो. साखर 70 च्या खाली नसेल तर स्ट्रोकचा विचार पुढे न्या आणि नातेवाइकांना नेमकं विचारा: शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं? ‘कधी लक्षात आलं’ हा वेगळा प्रश्न आहे. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची साधारण साडेचार तासांची मुदत पहिल्या उत्तरापासून धरतात.

तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत, मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम. ते तुमच्या प्रोटोकॉलमध्ये कुणी द्यायचं, हे आधी विचारून ठेवा. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेत नाही. झटका 5 मिनिटांच्या पुढे गेला की तो आपोआप थांबेल असं धरायचं नाही, म्हणून सुरू झाल्याची वेळ बघायची सवय लावा.

पेशंट सोपवतानाचं बोलणं घड्याळ लावून म्हणून बघा. वय, काय झालं, काय आढळलं, काय दिलं, आता कसा आहे, मिनिटाच्या आत. माझं पहिल्यांदा तीन मिनिटांचं झालं होतं.

बाकी किरकोळ: नखं कापलेली, गुडघे टेकता येतील अशी पँट, ओळखपत्र, जुन्या प्रमाणपत्राची प्रत. आणि आदल्या रात्रीची ड्यूटी बदलून घ्या. मी एकदा रात्रभर गाडीवर राहून तसाच वर्गात गेलो आणि दुपारी मागच्या बाकावर झोपलो. नेमका तो तास प्रसूतीचा होता. नंतर जोडीदाराच्या वहीतून उतरवून घ्यावा लागला.